भूमिकेतला माणूस : मानेने रंगवलेला फोर

१८७७ साली पॅरिसच्या सलोंसाठी, म्हणजे सरकारमान्य चित्रप्रदर्शनासाठी, एदुआर मानेने दोन चित्रं पाठवली. त्यातलं एक परीक्षकांनी नाकारलं. त्या चित्रात आरशासमोर अंतर्वस्त्रांत उभी असलेली एक तरुणी होती आणि कोचावर बसलेला तिचा श्रीमंत आश्रयदाता होता. हे चित्र म्हणजे ‘नाना’. शेवटी मानेने ते हमरस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेत मांडलं आणि तिथे बघ्यांची गर्दी झाली. दुसरं चित्र परीक्षकांना चाललं. त्यात माणूस एकच होता. अंगभर काळा वेष, हातात उपसलेली तलवार. पॅरिसच्या संगीतप्रेमींना त्याची ओळख करून द्यावी लागत नव्हती. तो झाँ-बाप्तिस्त फोर, पॅरिस ऑपेराचा पहिल्या मानाचा गायक, आणि ज्या वेषात तो उभा होता तो हॅम्लेटचा.

फोर हा त्या काळात मानेच्या चित्रांचा सगळ्यात मोठा खरेदीदार होता. ज्या चित्रांची सलोंमध्ये टिंगल झाली, ती त्याने स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन घरात लावली. पण स्वतःचं चित्र तयार झालं तेव्हा मात्र ते त्याच्या मनास येईना. असं का झालं, हे समजून घेतलं की वेषातल्या गायकाचं चित्र हा प्रकारच उलगडतो. साध्या व्यक्तिचित्रात दोघांचाच संबंध असतो, बसणाऱ्याचा आणि रंगवणाऱ्याचा. इथे तिसरा हक्कदार येतो, ती भूमिका. तिघांचंही समाधान एकाच कॅनव्हासवर होणं कठीण, आणि अशी चित्रं टिकतात ती बहुधा या तिघांच्या ओढाताणीच्या बळावर.

बॅरिटोनच्या वाट्याला आलेला राजपुत्र

फोरचा जन्म १८३० सालचा, मध्य फ्रान्समधल्या मुलाँ गावचा. लहानपणी तो चर्चच्या गायकवृंदात गात असे. पुढे पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकून १८५२ मध्ये तो ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहात रंगमंचावर आला आणि १८६१ मध्ये थेट पॅरिस ऑपेरात दाखल झाला. त्याचा आवाज बॅरिटोन. पुरुषी आवाजात टेनर सगळ्यात उंच, बास सगळ्यात खर्जातला आणि बॅरिटोन या दोघांच्या मधला. त्या काळच्या ऑपेरात नायकाचं काम सहसा टेनरकडे जाई. बॅरिटोनच्या वाट्याला मित्र, बाप, प्रतिस्पर्धी नाही तर खलनायक. फोरने अशा भूमिकाही मोठ्या केल्या. १८६५ मध्ये मायरबेअरच्या ‘लाफ्रिकेन’मधला नेलुस्को आणि १८६७ मध्ये व्हर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधला पोझा, दोन्ही पहिल्यांदा रंगमंचावर आणले ते त्यानेच.

मग आला ‘हॅम्लेट’. आंब्रवाज तोमा या फ्रेंच संगीतकाराने शेक्सपिअरच्या नाटकावर ऑपेरा रचायला घेतला तेव्हा नायक टेनर असावा असा त्याचा बेत होता. पण फोर हाताशी आहे म्हटल्यावर त्याने नायकाचं काम बॅरिटोनसाठी बदलून लिहिलं. ९ मार्च १८६८ रोजी पहिला प्रयोग झाला. फोर हॅम्लेट आणि स्वीडिश गायिका क्रिस्टिन निल्सन ऑफेलिया. एका गायकाच्या आवाजासाठी अख्खी नायकाची भूमिका खाली उतरवावी, यावरून त्या आवाजाचं वजन कळतं.

मराठी वाचकाला हॅम्लेट परका नाही. आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ती भूमिका आपल्याकडे गाजवली. पण तोमाचा हॅम्लेट ओळखीच्या हॅम्लेटहून वेगळा आहे. मिशेल कारे आणि झ्युल बार्बिए यांनी संहिता रचली ती पॅरिसमध्ये रुळलेल्या फ्रेंच रूपांतराच्या आधाराने, आणि त्यात हॅम्लेट शेवटी मरत नाही, राजा होतो. इंग्रज प्रेक्षकांना हा शेवट रुचणार नाही म्हणून लंडनसाठी तोमाने नायकाच्या मृत्यूचा वेगळा शेवट लिहून दिला. पॅरिसच्या प्रेक्षकांची मात्र काही तक्रार नव्हती. त्यांना हवी होती ऑफेलियाच्या वेडाच्या प्रवेशातली निल्सन आणि पहिल्या अंकात किल्ल्याच्या तटावर बापाच्या भुतासमोर उभा राहिलेला फोर.

तटावरच्या त्या प्रवेशात तोमाने एक युक्ती केली आहे. भूत जवळजवळ एकाच स्वरावर गातं, चढउतार नाही, भावना नाही. भावनेचा सगळा भार हॅम्लेटवर येतो. त्याला भीती, माया, संताप आणि शपथ हे सगळं एकट्याच्या गळ्यातून आणि देहातून दाखवावं लागतं. मानेने चित्रासाठी हाच प्रवेश निवडला.

गायकाच्या घरातल्या भिंती

फोर चित्रांकडे वळला तो आधीच्या पिढीच्या वाटेने. कोरो, दलाक्रवा अशा मान्यवरांची चित्रं त्याने जमवली होती. १८७३ मध्ये त्यातली बरीच त्याने लिलावात काढली आणि तो नव्या मंडळींकडे वळला. त्यात द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्याचा मोठा वाटा होता. सगळे नाकं मुरडत असताना या विक्रेत्याने माने, मोने, देगा, पिसारो यांची चित्रं उचलली होती, आणि ती विकत घेणारी माणसं पॅरिसमध्ये फार थोडी होती. फोर त्यातला एक.

१८७३ या एकाच वर्षात फोरने मानेची जी चित्रं घेतली त्यांची नुसती नावं वाचली तरी थक्क व्हायला होतं : बासरी वाजवणारा छोटा लष्करी वादक ‘ल फिफ्र’, बिअरचा पेला घेऊन बसलेला ‘ल बाँ बॉक’, लोखंडी गजांपलीकडे गाडीच्या वाफेकडे पाहणाऱ्या मुलीचं ‘ल शमँ द फेर’ आणि ‘ऑपेरातला मुखवट्यांचा नाच’. पुढे गाजलेल्या आणि गाजण्याआधी भरपूर निंदा सोसलेल्या ‘गवतावरची न्याहारी’चाही तो मालक झाला. मानेची साठहून अधिक चित्रं कधी ना कधी त्याच्या संग्रहात होती. चित्रकारांसाठी त्याने इतर बाबतींतही हात सैल सोडला. १८७४ च्या उन्हाळ्यात आल्फ्रेड सिस्लीला तो स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला घेऊन गेला, आणि हॅम्प्टन कोर्टच्या परिसरात थेम्स नदीकाठी सिस्लीने काढलेली चित्रं त्याच्या उत्तम कामांत गणली जातात.

पण फोर हिशेबाला पक्का होता. देगाशी झालेला त्याचा व्यवहार पाहा. आपण विकलेली सहा चित्रं देगाला मनासारखी वाटेनात, ती परत हवी होती. १८७४ मध्ये फोरने ती विक्रेत्याकडून विकत घेतली आणि देगाच्या हवाली केली. मोबदला म्हणून देगाने चार मोठी चित्रं करून द्यायची असं ठरलं. दोन मिळाली. उरलेल्या दोन चित्रांसाठी फोर वर्षानुवर्षं थांबला आणि १८८७ मध्ये कोर्टात गेला. तेव्हा कुठे देगाने ती पुरी केली. हा फोरचा स्वभाव. कलावंतावर विश्वास टाकायचा, पण ठरलेलं हातात पडलंच पाहिजे.

अशा माणसाने स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या भूमिकेचं चित्र मानेकडून काढून घेतलं. त्या वेळी तो शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि पॅरिस ऑपेरातली त्याची दीर्घ कारकीर्द जवळजवळ संपत आली होती. हे चित्र त्याच्यासाठी आयुष्यभराच्या कमाईची पावती होती.

कॅनव्हासजवळ जाऊन

हे चित्र आज जर्मनीत, एसेन शहरातल्या फोल्कवांग संग्रहालयात आहे. सुमारे दोन मीटर उंच, म्हणजे आकृती जवळपास खऱ्या माणसाएवढी. त्याचा आधीचा मोठा खर्डा हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेमध्ये आहे, आणि त्याच वर्षी सलोंने परत केलेली ‘नाना’ही आज त्याच संग्रहालयात आहे.

आधी डोळ्यांत भरतं ते चित्रात काय नाही ते. किल्ल्याचा तट नाही, चांदणं नाही, धुकं नाही, समुद्र नाही. भूतसुद्धा नाही. रंगमंचावर हा प्रवेश पडद्यांनी, प्रकाशाने आणि यंत्रांनी सजवलेला असे. मानेने ते सगळं काढून टाकलं. मागे उरला करडा-तपकिरी, मोकळा रंग. आकृती कुठे टेकली आहे हे कळतं ते तिच्या पायांवरून आणि पायांशी पडलेल्या सावलीवरून.

ही रीत मानेला माद्रिदमध्ये सापडली होती. १८६५ मध्ये प्रादो संग्रहालयात त्याने वेलास्केझने काढलेलं पाब्लो दे व्हायादोलिद या दरबारी विदूषकाचं चित्र पाहिलं आणि तो भारावून गेला. त्या चित्रात भिंत नाही, जमिनीची रेषा नाही. काळ्या कपड्यांतला माणूस हात पसरून बोलतो आहे आणि त्याच्याभोवती नुसती हवा आहे. मानेने त्यावेळी मित्राला पत्रातून हेच कळवलं होतं. माद्रिदहून परतल्यावर पुढच्याच वर्षी त्याने ही रीत दोनदा वापरली, एकदा ‘ल फिफ्र’मध्ये आणि एकदा ‘शोकनट’ या चित्रात. दोन्ही चित्रं १८६६ च्या सलोंने नाकारली.

‘शोकनट’चा इथे जवळचा संबंध आहे, कारण तोही हॅम्लेटच आहे. फिलिबेर रुव्हिएर हा नट पॅरिसमध्ये हॅम्लेटसाठी नावाजलेला होता. तो स्वतः चित्रकारही होता, आणि त्याने हॅम्लेटचं रूप घेतलं ते दलाक्रवाच्या शिळाछापांवरून. दलाक्रवाने हॅम्लेटवर केलेली तेरा शिळाछापं १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि काळ्या कपड्यांतला, सडपातळ, अस्वस्थ राजपुत्र पॅरिसच्या डोळ्यांत बसला. रुव्हिएर चित्र पुरं होण्याआधीच वारला, तेव्हा मानेने मित्रांना उभं करून त्याचे हात आणि पाय पूर्ण केले. त्या चित्रात तलवार जमिनीवर पडलेली आहे आणि नट स्तब्ध उभा आहे.

फोरच्या चित्रात तलवार हातात आली आहे. दहा वर्षांत मानेचा कुंचलाही बदलला होता. ‘शोकनट’मधला काळा रंग भरीव आणि शांत आहे, तर फोरच्या अंगावरचा काळा सतत हलतो. चित्राजवळ गेलं की दिसतं, डगल्यावर काळ्याशेजारी करडा आहे, त्यावर ओल्या रंगातच ओढलेले पुन्हा काळे फटकारे आहेत. अंगरखा कुठे संपला आणि झूल कुठे सुरू झाली हे रेषेने सांगितलेलं नाही. फटकाऱ्याची दिशा बदलते तिथे कापड बदलतं. जवळून पाहताना हे सगळं घाईचं वाटतं. चार पावलं मागे सरकलं की त्याच घाईतून एक दचकलेलं शरीर उभं राहतं.

आणि चेहरा. तो विशीतल्या राजपुत्राचा नाही. तो प्रौढ माणसाचा चेहरा आहे, कसलेल्या गायकाचा, आणि त्याच्यावर राजपुत्राची भीती चढली आहे. मानेने वय लपवलं नाही आणि भूमिकाही सोडली नाही. एकाच देहात पन्नाशीकडे झुकलेला फोर आणि बापाच्या भुताला सामोरा जाणारा तरुण, दोघेही आहेत. ऑपेरात हे रोज घडतं. तयार आवाजाला यायला वर्षं लागतात, आणि तो आवाज येतो तेव्हा भूमिकेचं वय मागे पडलेलं असतं. प्रेक्षक दुरून, दिव्यांच्या उजेडात आणि संगीताच्या भरात ते अंतर विसरतो. मानेने ते अंतर जवळून दाखवलं.

फोरला काय खटकलं असेल

फोरने या चित्रासाठी अनेक बैठका दिल्या होत्या आणि तरी ते त्याला पसंत पडलं नाही. सलोंमध्येही चित्राचं स्वागत थंड होतं. व्यंगचित्रकारांनी मानेला याही वेळी सोडलं नाही.

नापसंतीचं मूळ शोधायला त्या काळात गायकाची प्रतिमा कशी तयार होत होती ते पाहावं लागतं. १८५४ मध्ये दिस्देरी या पॅरिसच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत नटनट्यांचे, गायकांचे, राजेरजवाड्यांचे कार्डाएवढे फोटो घरोघरी पोचले. लोक ते विकत घेऊन अल्बममध्ये लावत. पण त्या वेळच्या फोटोत माणसाला काही सेकंद निश्चल राहावं लागे. त्यामुळे वेषातला गायक फोटोत कायम उभा ठाकलेला दिसे : छाती पुढे, नजर दूर, हात तलवारीच्या मुठीवर. तो क्षण नाटकातला नसे, स्टुडिओतला असे. लोकांच्या आणि गायकांच्याही मनात हीच प्रतिमा मुरली.

कीर्तिवंत गायक चित्रकाराकडे जाई तेव्हा हीच प्रतिमा रंगांत आणि मोठ्या आकारात मिळावी अशी त्याची अपेक्षा असे. त्यात काही चूक नव्हती. गायकाजवळ मागे ठेवायला दुसरं काय होतं? एडिसनने फोनोग्राफ बनवला तो १८७७ च्या अखेरीस, म्हणजे हे चित्र सलोंमधून उतरल्यावर, आणि गाणं धड ऐकू येईल अशी यंत्रं यायला आणखी वर्षं लागली. फोर ऐन भरात असतानाचा आवाज आज कुणीही ऐकू शकत नाही. त्याने १८८६ मध्ये ‘आवाज आणि गायन’ या विषयावर ग्रंथ लिहिला, भक्तिगीतं रचली, तीही आपल्या परीने टिकली. पण रंगमंचावरचा फोर राहणार होता तो चित्रातच. त्यात त्याला मान हवा होता.

मानेने त्याला दिली ती मेहनत. भुतासमोर दचकणं, झूल सावरणं, तलवार पुढे धरणं, पावलाचा तोल, हे सगळं नटाच्या कामाचं अंग आहे, त्याच्या इभ्रतीचं नाही. संग्राहक म्हणून फोरला हे फटकारे, हा मोकळेपणा, हा क्षण पकडण्याचा हव्यास आवडत होता. तोच हव्यास आपल्यावर रोखला गेल्यावर तो बिचकला. यात त्याला दोष देता येत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं सत्य भिंतीवर लावणं सोपं असतं.

आणखी दोन वाटा

वेषातल्या गायकाचं चित्र इतर रीतींनीही साधतं, आणि ते पाहिलं की मानेची निवड अधिक ठळक होते.

माक्स स्लेव्होग्ट हा जर्मन चित्रकार स्वतः चांगला गात असे आणि मोझार्टचा भक्त होता. फ्रांसिस्को दांद्रादे या पोर्तुगीज बॅरिटोनचा ‘डॉन जिओव्हानी’ त्याच्या मनात भरला, आणि १९०२ मध्ये त्याने तो रंगवला : पांढऱ्याशुभ्र वेषात, दिव्यांच्या उजेडात, मद्याचं प्रसिद्ध गाणं गाताना. आज हे चित्र श्टुटगार्टच्या सरकारी चित्रसंग्रहात आहे. इथे चित्रकार भूमिकेच्या बाजूने उभा आहे. रंगमंचाचा सगळा झगमगाट त्याने आत घेतला, गाण्याची गती हातापायांत ओतली आणि वय, थकवा, श्रम यांना जागाच ठेवली नाही. बर्लिनमध्ये त्याचं कौतुक झालं आणि स्लेव्होग्टने पुढे दांद्रादेला त्याच भूमिकेत पुन्हा पुन्हा रंगवलं, अगदी १९१२ पर्यंत.

त्याच १९१२ मध्ये रशियात अलेक्झांदर गोलोविनने फ्योदोर शल्यापिनला बोरिस गोदुनोव्हच्या वेषात रंगवलं. गोलोविन हा रंगमंचाचे पडदे आणि वेष करणारा चित्रकार. त्याच्या चित्रात जरीचा पायघोळ राजवेष, मुकुट आणि नक्षी यांनी कॅनव्हास व्यापला आहे. शल्यापिन वेषाच्या आत आहे. वेष त्याला उचलून धरतो आणि त्याच्यावर ओझंही टाकतो. बोरिसची गोष्टच मुकुटाच्या ओझ्याची असल्याने हे चपखल बसतं.

दांद्रादे आणि शल्यापिन यांच्या चित्रांत गायक, भूमिका आणि चित्रकार एका दिशेने ओढतात, म्हणून ती पाहताक्षणी आवडतात. फोरच्या चित्रात तिघे तीन दिशांना ओढतात. ते आवडायला वेळ लागतो.

पुन्हा मानेसमोर

फोरने माने सोडला नाही. तो त्याची चित्रं घेत राहिला, आणि १८८२-८३ मध्ये पुन्हा एकदा मानेसमोर बसला. त्या वेळी वेष नव्हता, तलवार नव्हती. ते लहानसं अर्धचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. माने आजाराने खंगत चालला होता. ३० एप्रिल १८८३ रोजी तो गेला. फोर १९१४ पर्यंत जगला. तोवर ज्या चित्रांसाठी त्याला वेड्यात काढलं जाई ती संग्रहालयांच्या भिंतींवर पोचली होती.

वेषातल्या गायकाच्या कोणत्याही चित्रासमोर उभं राहिलं की तीन गोष्टी विचाराव्यात. गायकाला काय जपायचं होतं? भूमिका त्याच्याकडून काय मागत होती? आणि चित्रकाराने कोणाचं ऐकलं? फोरच्या बाबतीत उत्तरं सरळ आहेत. त्याला कीर्ती जपायची होती, हॅम्लेट त्याच्याकडे भीती मागत होता, आणि मानेने ऐकलं ते हॅम्लेटचं. म्हणूनच हे चित्र आजही एका नामवंताच्या शोभेच्या प्रतिमेपुरतं उरलेलं नाही. आवाज विरून गेल्यावरही गायकाचं काम दिसत राहावं, यापेक्षा मोठा सन्मान चित्रकार गायकाला देऊ शकत नाही, आणि तो मानेने फोरला त्याच्या मर्जीविरुद्ध दिला.